मुरले म्हणजे गेले नव्हे
जमिनीखालून समुद्रात जाणारे पाणी व त्यातले खत कसे ओळखावे



१९७९ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील फालमथ या गावाने पाणीपुरवठ्याची आपली एक विहीर बंद केली. दिसायला पाणी नितळ होते, परंतु त्याला फेस येऊ लागला होता. तपासणी झाली तेव्हा पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश सापडला.

हा फेस आला कोठून? विहिरीपासून दोन किलोमीटरांहून अधिक अंतरावर एक लष्करी तळ होता. तेथील सांडपाणी शुद्ध करून १९३६ सालापासून वाळूच्या वाफ्यांवर सोडले जात असे. ते वाळूत मुरे आणि दिसेनासे होई. मुरले म्हणजे संपले, अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात ते पाणी जमिनीखालून गोगलगाईच्या गतीने समुद्राकडे निघाले होते आणि वाटेत ही विहीर लागली.

या लेखात सांगावयाचे आहे ते एवढेच की, जमिनीत मुरलेली घाण नाहीशी होत नाही. ती चालू लागते. तिची वाट शोधता येते, आणि त्यासाठी लागणारी काही साधने आपल्या परसातही सापडतील. आपल्यापैकी जे किनाऱ्याला राहतात त्यांच्या तिसऱ्या, कालवे आणि मासळी यांच्याशी या गोष्टीचा संबंध आहे. जे घाटावर राहतात त्यांच्या विहिरीशी आणि घरातल्या तान्ह्या मुलाशी आहे.

समुद्राखालचे गोडे पाणी

पावसाचे पाणी नदी-नाल्यांनी समुद्रास मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पावसाचा एक वाटा जमिनीत मुरतो व जमिनीखालूनच समुद्राला जाऊन मिळतो. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्या दगडाची पठारे त्यातले कितीतरी पाणी स्पंजासारखी धरून ठेवतात आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने हळूहळू सोडतात. डोंगराच्या पायथ्याची झर आपल्या डोळ्यांना दिसते. अशाच झरी वाळूखाली, खाडीच्या चिखलाखाली आणि समुद्राच्या तळाशीही असतात, त्या मात्र दिसत नाहीत.

गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. म्हणून किनाऱ्यालगतच्या जमिनीत ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर तिच्याखाली साधारण चाळीस फूट गोडे पाणी असते, असा ढोबळ हिशेब आहे. हे पाणी उताराच्या दिशेने सरकत किनाऱ्यापाशी येते आणि तेथे खाऱ्या पाण्याच्या पाचरीमुळे वर ढकलले जाऊन ओहोटीच्या रेषेजवळ बाहेर पडते.

ही माहिती काही नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने सीरियाच्या किनाऱ्यावरील अराडस बेटाच्या लोकांबद्दल लिहून ठेवले आहे. युद्धाच्या काळात ते लोक होडीतून समुद्रात जात, तळाशी असलेल्या गोड्या झऱ्यावर शिशाचे मोठे नरसाळे उपडे ठेवीत आणि त्याला जोडलेल्या चामड्याच्या नळीतून पिण्याचे पाणी वर घेत. हे नरसाळे लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

या पाण्याचे प्रमाण किती असते याचा अंदाज मात्र अलीकडे आला. १९९६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड मूर यांनी त्यांच्या देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर मोजमाप केले. त्या काळात तेथील नद्यांनी जेवढे पाणी समुद्रात आणले, त्याच्या सुमारे ४० टक्के इतके पाणी जमिनीखालून येत होते. त्यात गोडे पाणी होते, तसेच वाळूत शिरून परत बाहेर पडणारे समुद्राचे पाणीही होते. दोन्ही पाणी येताना जमिनीतले क्षार घेऊन येते, म्हणून दोहोंचा हिशेब ठेवावा लागतो.

खत शेतात अमृत, खाडीत विष

आता त्या पाण्यातून काय जाते ते पाहू. आपल्या मलमूत्रात नत्र असते. शोषखड्ड्यातून ते जमिनीत उतरले की हवेशीर मातीतले जंतू त्याचे नायट्रेट बनवतात. युरियाचे आणि शेणखताचेही शेवटी नायट्रेटच होते. पिकाची मुळे तेच शोषून घेतात. परंतु मुळांच्या खाली गेलेले नायट्रेट मातीला चिकटत नाही. चहात साखर विरघळावी तसे ते पाण्याबरोबर पुढे जाते. स्फुरदाचे तसे नाही. आपल्या लोहयुक्त तांबड्या मातीत स्फुरद घट्ट धरून ठेवला जातो. म्हणून भूजलाबरोबर दूरवर प्रवास करणारे मुख्य खत म्हणजे नत्र.

एका घराचे असे किती नत्र असणार, असे कोणी म्हणेल. आपल्याकडील आहारावर वाढलेल्या एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण पावणेतीन किलो नत्र बाहेर पडते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असते. म्हणजे सात-आठ माणसांचे एक कुटुंब दरवर्षी जवळजवळ एक गोणी युरिया आपल्या शोषखड्ड्यात ओतत असते. वाड्यावर शंभर घरे असतील तर शंभर गोण्या! शेतात आपण गोणी मोजून टाकतो, पैसे मोजून आणतो. ही दुसरी गोणी मात्र कोणी मोजत नाही.

भाताला युरिया जास्त झाला की पीक हिरवेगार दिसते आणि मग लोळते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खाडीचेही तसेच होते. समुद्राच्या पाण्यात वनस्पतींची वाढ बहुधा नत्राच्या कमतरतेमुळे रोखलेली असते. नत्र मिळाले की शेवाळ माजते, पाणी गढूळ होते आणि तळापर्यंत ऊन पोहोचत नाही. पुढे ते शेवाळ मरून कुजू लागते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. उष्ण, ढगाळ दिवसांत तर फारच धोका. दिवसा ऊन कमी असल्यामुळे प्राणवायू पुरेसा तयार होत नाही व रात्री सर्वच जीव तो वापरत राहतात. मग पहाटे मासे व खेकडे काठाला येऊन तडफडतात.

वाक्वॉइट खाडीची हकीकत

फालमथच्या शेजारीच वाक्वॉइट नावाची उथळ खाडी आहे. हा सारा भाग केप कॉड या द्वीपकल्पात मोडतो. हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेल्या वाळूची ही जमीन आहे. पडलेला पाऊस पटकन मुरतो, म्हणून नद्या लहान आणि भूजल भरपूर. सांडपाण्याची सार्वजनिक गटारे थोड्याच ठिकाणी आहेत. बहुतेक घरांना आपल्यासारखीच सेप्टिक टाकी आणि शोषक्षेत्र.

वाक्वॉइटच्या तळाशी एके काळी ईलग्रास नावाच्या सागरी गवताची कुरणे होती. स्कॅलप जातीच्या शिंपल्यांची पिले या गवताच्या पात्यांना धरून वाढत आणि लोक त्या गोळा करून विकत. पुढे काठावर घरे वाढली. इव्हान व्हॅलिएला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० व १९९०च्या दशकांत या खाडीचा कसून अभ्यास केला. ज्या उपखाडीच्या काठी घरे अधिक, तिथे नत्र अधिक, शेवाळ अधिक आणि गवत कमी, असे त्यांना दिसले. गवत गेले, त्यामागून स्कॅलपही गेले.

या ठिकाणी एकही दुष्ट माणूस नव्हता. कोणी कारखान्याचे विष चोरून सोडले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या परसात नियमाप्रमाणे खड्डा खणला होता. केप कॉडच्या खाड्यांत जाणाऱ्या नत्रापैकी जे माणसाला आवरता येण्यासारखे आहे, त्याचा सुमारे ८० टक्के भाग या घरगुती टाक्यांतून येतो. साधी सेप्टिक टाकी गाळ अडवते आणि तिच्या पुढची माती पुष्कळसे रोगजंतू अडवते. नत्र मात्र बहुतांशी निसटून जाते.

वाट शोधण्याच्या पद्धती

न दिसणारे पाणी शास्त्रज्ञ कसे शोधतात, ते आता क्रमाने पाहू.

१. थंड-गरम पाहून. भूजलाचे तपमान बारा महिने जवळजवळ सारखे असते. केप कॉडला ते १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर ऑगस्टमधला समुद्र २० अंशांच्या वर. उष्णता टिपणारा कॅमेरा विमानातून फिरवला की पाझराच्या जागा थंड पट्ट्यांसारख्या उठून दिसतात. तेथील नॉसेटच्या खाडीत ही पद्धत वापरली गेली आहे. आपल्याकडे भूजल व समुद्र या दोहोंचे तपमान २७ ते ३० अंशांच्या घरात असते, म्हणून फरक फार थोडा. ही युक्ती आपल्या किनाऱ्यावर तितकीशी चालणार नाही.

२. खारटपणा पाहून. हे आपल्याकडे उत्तम चालते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. चांगल्या विहिरीच्या पाण्यात एक ग्रॅमाचा लहानसा अंश. पाण्यातील क्षार दाखवणारे खिशात मावणारे यंत्र बाजारात मिळते. ओहोटीच्या वेळी वाळूत वीतभर खड्डा करून त्यात साचलेले पाणी या यंत्राने तपासले की गोडे पाणी कोठून येते ते कळते. चव घेऊन मात्र पाहू नये, त्या पाण्यात काय आहे हेच तर आपल्याला ठाऊक नसते.

३. पिंपाने. १९७७ साली डेव्हिड ली या संशोधकाने एक सोपे साधन सर्वांपुढे मांडले. २०८ लिटरचे लोखंडी पिंप घ्यावयाचे आणि बुडाचा वीतभर भाग कापून घ्यावयाचा. तो परातीसारखा उपडा करून खाडीच्या तळात दाबावयाचा. वरच्या बाजूच्या भोकाला नळी लावून तिला पातळ प्लास्टिकची पिशवी बांधावयाची. खालून जे पाणी पाझरेल ते पिशवीत जमते. स्ट्रेबोच्या नरसाळ्याचेच हे भावंड!

४. रेडॉनने. खडकात अतिशय अल्प प्रमाणात असलेल्या किरणोत्सारी धातूंपासून रेडॉन हा वायू सतत तयार होतो व भूजलात विरघळतो. समुद्राच्या पाण्यात तो फार थोडा असतो, कारण तो हवेत उडून जातो आणि दर ३.८ दिवसांनी निम्मा होतो. म्हणून किनाऱ्याच्या पाण्यात रेडॉन अधिक आढळला, तर भूजल नुकतेच येथे आले आहे असे समजावे. मूर यांनी याच पद्धतीने रेडियम वापरले होते. हे काम प्रयोगशाळेचे आहे.

५. कपड्यांच्या पावडरीने. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक चकाकी देणारे द्रव्य घालतात. अतिनील प्रकाश पाडला की ते निळसर चमकते. १९७०च्या दशकात अमेरिकेत यावरून एक यंत्र तयार झाले. ते होडीत ठेवून तळ्याच्या काठाकाठाने फिरत. ज्या घरासमोर पाणी चमकेल आणि त्याच वेळी पाण्यातले क्षारही बदलतील, तेथे त्या घराचे सांडपाणी पाझरते आहे असा संशय धरावयाचा आणि मग पाण्याचा नमुना घेऊन खात्री करावयाची. कुजलेल्या पाल्याचे पाणीही थोडे चमकते, म्हणून केवळ चमक पाहून शेजाऱ्यावर आरोप करू नये.

६. जड नत्राने. नत्राचे अणू दोन प्रकारचे असतात, हलके आणि किंचित जड. रासायनिक खत हवेतल्या नत्रापासून बनते, म्हणून त्यातले प्रमाण हवेसारखेच असते. मलमूत्र कुजताना मात्र हलके नत्र वायुरूपाने अधिक उडून जाते व जड नत्राचा वाटा वाढतो. वाक्वॉइटच्या वनस्पतींत हे जड नत्र सापडले, आणि घरांचे सांडपाणी त्यांच्या पानापर्यंत पोहोचले हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दाखवता आले. यात एक अडचण आहे. शेणखताचे नत्रही असेच जड असते. गोठा की शौचालय, हे केवळ या एका परीक्षेवरून सांगता येत नाही. म्हणून दोन-तीन पद्धती एकत्र वापराव्या लागतात.

कोकमाची कसोटी

पाण्यात नायट्रेट सापडले, तरी ते भूजलातूनच आले कशावरून? नदीतूनही आले असेल. याची एक सोपी कसोटी आहे.

कोकमाच्या आगळात थोडे थोडे पाणी ओतत गेलो की रंग व आंबटपणा दोन्ही एकाच प्रमाणात कमी होतात. निम्मे पाणी घातले तर दोन्ही निम्मे. त्याचप्रमाणे पाझराच्या जागेपासून खोल पाण्याकडे जाताना पाच-सहा ठिकाणचे नमुने घ्यावयाचे आणि प्रत्येकाचा खारटपणा व नायट्रेट मोजावयाचे. खारटपणा वाढत जाईल तसे नायट्रेट त्याच प्रमाणात घटत गेले, तर पाझरातले गोडे पाणी हेच त्याचे मूळ असण्याचा संभव अधिक. प्रमाणापेक्षा लवकर घटले, तर वाटेत शेवाळ किंवा चिखलातले जंतू ते खात आहेत. मध्येच वाढले, तर आणखी कोठून तरी भर पडते आहे.

पिंप व नमुना मिळून हिशेब कसा करावा, याचे एक काल्पनिक उदाहरण देतो. पिशवीत आधी अर्धा लिटर पाणी घातले. दोन तासांनी दीड लिटर भरले. म्हणजे तासाला अर्धा लिटर वाढ. पिंपाच्या बुडाचे क्षेत्र सुमारे पाव चौरस मीटर. तेव्हा एका चौरस मीटरमधून तासाला दोन लिटर, दिवसाला ४८ लिटर पाझर झाला. त्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर त्यात सुमारे १० मिलिग्रॅम नत्र येते. शंभर मीटर लांब व पाच मीटर रुंद पट्टा सर्वत्र असाच पाझरत असेल, तर दिवसाला सुमारे २४० ग्रॅम आणि वर्षाला ८८ किलोच्या आसपास नत्र खाडीत जाईल. म्हणजे चार गोण्यांहून अधिक युरिया! प्रत्यक्षात पाझर जागोजाग व ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून एका पिंपावर भरवसा न ठेवता अनेक ठिकाणी मोजावे. आपल्याकडे पावसाळा संपताना भूजल सर्वांत वर असते. तेव्हा एकदा व मे महिन्यात एकदा असे दोन वेळा मोजणे बरे.

उशिराने येणारे बिल

आता फालमथच्या फेसाकडे परत वळू. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे डेनिस लेब्लाँक यांनी त्या भागात जागोजाग नळ्या उतरवून पाणी तपासले. सांडपाण्याचा तो पट्टा जमिनीखाली ११,००० फुटांहून लांब पसरला आहे, असे त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. आणखी एक विशेष गोष्ट त्यांना दिसली. १९६४च्या सुमारास अमेरिकेत धुण्याच्या पावडरीतले न कुजणारे द्रव्य बदलून कुजणारे वापरण्यात येऊ लागले. जुन्या, न कुजणाऱ्या द्रव्याचे पाणी पट्ट्याच्या पुढच्या भागात सापडले आणि नंतरचे मागे. झाडाच्या खोडात वर्षांची वलये असावीत, तसा कोणत्या वर्षी काय धुतले याचा दाखला जमिनीने जपून ठेवला होता.

तेथील वाळूत भूजल दिवसाला साधारण एक-दोन फूट सरकते. एक फूट धरले तर एक किलोमीटर जायला नऊ वर्षे लागतात. म्हणजे आज खाडीत जे नत्र येते आहे, ते कित्येक वर्षांपूर्वीच्या घरांचे आहे. आणि आज सारे खड्डे बंद केले तरी वाटेत असलेले पाणी येतच राहणार. त्या तळाचे सांडपाणी वाफ्यांवर सोडणे १९९५ साली थांबले, पण आधी मुरलेले पाणी तेवढ्याने थांबले नाही.

केप कॉडचे लोक आज त्याची किंमत मोजत आहेत. राज्याने जुलै २०२३ मध्ये नवे नियम लागू केले. ज्या भागातील खाड्या नत्राने बिघडल्या आहेत, तेथील गावांनी एकत्र योजना करून दीर्घ मुदतीचा परवाना घ्यावयाचा. तसे न झाल्यास घरमालकांनी नत्र काढणारी सुधारित टाकी ठरलेल्या मुदतीत बसवावयाची. आधी घरे आणि मागाहून गटारे, असा हा उलटा क्रम फार महाग पडतो.

आपण काय करावे?

जांभ्यातून पाणी वाळूप्रमाणे सगळीकडे सारखे सरकत नाही. त्यात भोके व भेगा असतात आणि त्यांतून ते काही ठिकाणी फार वेगाने धावते. त्यामुळे आपल्याकडे घाण विहिरीत अधिक लवकर पोहोचू शकते. खानापूर तालुक्यातल्या वाचकांनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. म्हादई तेथेच उगम पावते आणि मांडवी होऊन समुद्राला मिळते. उन्हाळ्यात पाऊस नसताना नदीत जे पाणी असते ते भूजलाचेच. तेव्हा पुढील गोष्टी सर्वांनी पाहाव्यात.

विहीर व शोषखड्डा. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही नसावा. भारतीय मानकाप्रमाणे दोहोंत किमान १८ मीटर अंतर हवे. परंतु हे अंतर रोगजंतूंसाठी ठरवलेले आहे. नायट्रेट त्याला जुमानत नाही. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या पातळीपेक्षा वर असावा. तळाला पाणी लागेपर्यंत खोल खणणे म्हणजे स्वतःच्या विहिरीत घाण ओतणे होय.

विहिरीचे पाणी. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, नायट्रेट व रोगजंतू या दोहोंसाठी पाणी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी आपल्याकडील मर्यादा आहे. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी दाखवून दिले की, विहिरीच्या अशा पाण्यामुळे तान्ही मुले निळी पडतात. पोटात गेलेल्या नायट्रेटचे नायट्राइट होते आणि मग रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. सहा महिन्यांखालच्या मुलाला धोका सर्वांत अधिक. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा: पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते अधिक दाट होते. अशा लहान बाळाला आईचे दूध हेच उत्तम. वरचे दूध द्यावेच लागले, तर नायट्रेट असलेले विहिरीचे पाणी त्यात मिसळू नये. ओठ व नखे निळसर दिसली तर घरगुती उपाय करीत न बसता बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

शेत. युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्यावा. मोठा पाऊस येणार असेल त्या दिवशी टाकू नये. नारळाच्या आळ्यात व भाजीच्या वाफ्यात गरजेपेक्षा अधिक टाकलेले खत झाड खात नाही, ते विहीर खाते. शेणाचा खड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा व पावसाळ्यात त्यावर छप्पर असावे. न्हाणीचे व स्वयंपाकघराचे पाणी केळी, अळू यांच्या मुळाशी सोडावे.

खाडीचा काठ. चिखलात हवा नसते आणि कुजलेला पाला भरपूर असतो. तेथील जंतू नायट्रेटचे साध्या नत्र वायूत रूपांतर करून ते हवेत सोडून देतात. खारफुटीची झाडे हा काठ धरून ठेवतात. तेव्हा तिवरे तोडणे म्हणजे हा फुकटचा कारखाना बंद पाडणे होय. वाक्वॉइटच्या काठी २००५ साली वाळूत लाकडाचा भुसा पुरून एक भिंत केली गेली. तिच्यातून जाणाऱ्या पाण्यातले नायट्रेट जंतूंनी खावे हा तिचा हेतू. जे काम ते लोक पैसे खर्चून करू पाहतात, ते आपला चिखल आजही करतो आहे.

ओहोटीची फेरी. किनाऱ्यावरच्या वाड्यांतील तरुणांनी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला काठाकाठाने चालत जावे. वाळूतून पाण्याच्या बारीक रेघा कोठे निघतात, गंजासारखा तांबूस डाग कोठे आहे, हिरवे शेवाळ एकाच जागी का दाटले आहे, हे वहीत लिहावे. क्षार मोजण्याचे एक यंत्र सर्वांत मिळून घ्यावे. संशयाच्या जागेचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून, बर्फात ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावे. कोणाचे घर वर आहे हे पाहून बोट दाखवू नये. वाक्वॉइटप्रमाणे येथेही दोष एकाचा नसून सगळ्यांच्या गोण्यांचा आहे.

आपल्या धर्मग्रामात सुरुवात चर्चच्या व शाळेच्या विहिरीपासून करू. दोन्ही विहिरींचे पाणी या पावसाळ्यानंतर तपासून घेऊ आणि आलेले आकडे, चांगले असोत वा वाईट, याच पानावर छापू. त्यानंतर ज्यांना आपल्या विहिरीचा नमुना द्यावयाचा असेल त्यांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे, म्हणजे सर्व नमुने एकदम पाठवता येतील.

या वर्षी ज्यांच्या घरी बांधकाम निघणार आहे त्यांना एकच विनंती. शौचालयाची फरशी कोणत्या रंगाची हवी यावर घरात चार दिवस चर्चा होते. खड्डा कोठे घ्यावयाचा याची चर्चा मात्र गवंड्याबरोबर पाच मिनिटांत संपते. ती चर्चा थोडी लांबू द्या. आज खणलेल्या खड्ड्यातले पाणी खाडीपर्यंत पोहोचेल तेव्हा तेथे तिसऱ्या वेचायला कदाचित आपली नातवंडे उतरलेली असतील.